तांब्याची तार

"आधी बाजू निवडा, मगच तार बुडेल," घाटपांडे मॅडम म्हणाल्या. आमच्या प्रयोगशाळेचा नियमच होता: ज्यांचा अंदाज चुकेल, त्यांनी सगळ्या परीक्षानळ्या घासायच्या.

काल कॉपर सल्फेटच्या निळ्या पाण्यात जस्ताचा तुकडा टाकल्यावर निळा रंग उडाला होता. आज उलटं होतं. रंग बदलेल म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी दाराशी. झिंक सल्फेटच्या, म्हणजे जस्ताच्या क्षाराच्या, बिनरंगी पाण्यात तांब्याची तार. "आता निळं होणार!" म्हणत अख्खी दहावी ब खिडकीकडे धावली. दाराशी मी एकटीच उरले.

"काहीच होणार नाही," मी म्हटलं. "जस्ताला हुसकावायची तांब्यात ताकदच नाही!"

"मग घास एकटीच!" माझीच मैत्रीण इरावती ओरडली.

तार बुडाली. सगळे नळीवर झुकले आणि मला चक्क निळसर झाक दिसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मॅडमनी नळीमागे पांढरा कागद धरला. झाक गायब! ती पोरांच्या निळ्या गणवेशांची होती.

तास संपला तरी पाणी तसंच. काहीही घडलं नव्हतं आणि मी बाकावर चढून नाचत होते. नळाशी अख्ख्या वर्गाची झुंबड उडाली होती.

"इरावती, नीट घास गं," मी वरूनच ओरडले, "तळाशी निळं राहिलंय!"