झाकणावरचे थेंब

या, जरा जवळ सरकून बसा. लांब गेलेलं माणूस उपाशी राहू नये म्हणून वाढलेल्या एका वाटीची ही गोष्ट आहे.

सांता क्लारातल्या दीपाकाकू रोज दुपारी बाराला शेजारच्या फुमिको-सानकडे जायच्या. 'सान' म्हणजे आपलं 'ताई', 'राव' म्हणा. काकूंना जपानच्या रीतीभाती शिकायच्या होत्या. तिथे टिप ठेवली तर वेटर मागे धावत येऊन परत देतो. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मेलेल्यापुढे ठेवतात. काकू सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. त्यांचा यशोधन दोन वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला, तो तिकडेच गेला. ओसाकाहून एक फोन आला. मग तोही नाही.

फुमिको-सानच्या टेबलावर एक जादा वाटी असायची. आत गरम भात, वर झाकण. पहिल्या दिवशी काकूंना वाटलं, हे पितरांचं पान.

"गेलेल्यांसाठी का हो?"

"छे गं, चांगल्या जित्या माणसासाठी," फुमिको-सान हसल्या. "म्हातारा ओसाकाला भावाकडे गेलाय ना माझा. प्रवासातल्याचं पान घरी वाढलं की तो तिकडे उपाशी राहत नाही. आणि हे बघ."

त्यांनी झाकण उचललं. आतून ते थेंबांनी डवरलं होतं.

"थेंब आले म्हणजे खुशाल आहे."

"आणि कोरडं निघालं तर?"

"अजून निघालं नाही."

मंगळवारी सकाळी न्यू यॉर्कहून नाओमीचा, फुमिको-सानच्या मुलीचा फोन आला. "आंटी, बाबा गेले. झोपेतच. आईचं हार्ट वीक आहे, प्लीज तिला सांगू नका. शनिवारी येते, मीच सांगेन."

काकू बाराला गेल्या. फुमिको-सान चहाला आत वळल्या, तसं काकूंनी हळूच झाकण उचलून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

भात निवला असेल, त्या मनाशी म्हणाल्या. तरी पेल्यात बोटं बुडवून त्यांनी झाकणाला आतून पाणी शिंपडलं. नारायणा, हे खोटं पदरात घे.

फुमिको-सान बाहेर आल्या. झाकण उचलून बराच वेळ बघत राहिल्या. मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "खुशाल आहे."

बुधवारी तेच. गुरुवारी, शुक्रवारीही तेच. काकू वाफाळता भात स्वतः वाटीत भरायच्या, तरी झाकण कोरडं. मग पुन्हा ती ओली बोटं.

शनिवारी नाओमी आली. आईचे दोन्ही हात धरून तिने सांगितलं. काकू औषधाची डबी घेऊन शेजारी उभ्या होत्या.

फुमिको-सानने नुसती मान हलवली. "मला सोमवारीच कळलं. एक्कावन्न वर्षांत हा माणूस कुठेही गेला, तरी संध्याकाळी मला फोन केल्याशिवाय राहिला नाही. सोमवारी फोन आला नाही."

काकू गोंधळल्या. "मग मंगळवारपासून ती वाटी कुणाची होती?"

फुमिको-सानने त्यांना जवळ बसवलं.

"तुझ्या यशोधनची. म्हटलं, माझ्या माणसाला आता लागत नाही, तर तुझ्या लेकराला मिळू दे. तुला आधी बोलले नाही. कोरडं निघालं असतं तर तुला सोसलं नसतं गं." त्यांचे डोळे आता कुठे भरून आले. "पण बघ ना, चारही दिवस थेंब आले."

बायांनो, बाप्यांनो, आज पानावर बसाल तेव्हा पहिल्या घासाआधी यशोधनची आठवण काढा.