रांगोळीवर लिंबू

लेकीच्या भूशास्त्राच्या तोंडी परीक्षेला मी दाराशी उभी होते, कारण कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ॲसिडच्या बाटल्या माझ्या ताब्यात असतात. तिनं हातातल्या पांढऱ्या दगडावर ॲसिडचा थेंब सोडला. दगड ढिम्म.

“फसफसत नाही. म्हणजे जिप्सम?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खडा टाकून पाहिला.

“जिप्सम नखानं ओरखडतं, सर. हा नाही ओरखडत.” तिनं चाकूनं दगड खरवडला आणि त्या भुकटीवर पुन्हा थेंब सोडला. भुकटी हळूहळू फसफसली. “डोलोमाइट आहे. त्याची भुकटीच फसफसते.”

“भुकटी करायचं कुणी शिकवलं?”

“आईच्या रांगोळीनं. लहानपणी मी तिच्या नकळत रांगोळीवर लिंबू पिळायचे. बारीक भुकटी फसफसायची, एखादा जाडा खडा मात्र नाही.”

परीक्षक हसले. मी बाटलीचं घट्टच असलेलं बूच आणखी घट्ट करत राहिले. म्हणजे दर दिवाळीला माझी ठिपक्यांची रांगोळी विस्कटायची ती यामुळे.

यंदा मी सगळ्यात मोठी रांगोळी काढली, आणि ती पुरी झाल्यावर शेजारणींच्या देखत लेकीच्या हातात अर्धं लिंबू दिलं.