दहा हात आणि एक वीत

"धरा अव्वा, घट्ट धरा," म्हणत श्यामलानं तांदळाची पिशवी गाडीत बसलेल्या सासूच्या मांडीवर ठेवली. वजनाला नातवाएवढीच. नातू श्यामलाच्या कडेवर चुळबुळत होता.

पिशवी सुटली नाही, तर जावळाला जाताना धारवाडपर्यंत पोरगं पारूबाईच्या मांडीवर. सुटली, तर मागं बसवलेल्या त्या पट्ट्याच्या खुर्चीत. "वासरू हाय का त्ये, बांधून न्यायला?" सकाळपासून पारूबाईचं हेच चाललं होतं. सून शाळेत शास्त्र शिकवायची. तिनंच ही परीक्षा काढली.

उणकलच्या नव्या लेआउटमध्ये रस्ता रिकामा होता. पारूबाईच्या लेकानं, भरमानं, गाडी पळवली आणि श्यामला उभी होती तिथं कचकन ब्रेक दाबला. पारूबाई पट्ट्यात अडकली. मनगटं उपटल्यागत झाली, पण पिशवी छातीशीच राहिली.

ती ताठ मानेनं उतरली. "सुटली का? चार लेकरं वाढवल्यात ह्या हातांनी. तुझं शास्त्र शाळेत ठेव."

"नाही सुटली," श्यामला म्हणाली. "पण हा नुसता ब्रेक, अव्वा. थांबायला एवढा रस्ता मिळाला." तिनं डांबरावरचे चाकांचे काळे ओरखडे दाखवले. "लॉरीवर आदळलो तर वीतभरात थांबावं लागेल. रस्ता जितका कमी, तितकी ओढ जास्त."

"किती जास्त?"

"ह्यात विती किती बसतात, तितकी पट."

दुसऱ्याच्या मापावर पारूबाईनं कधी कापडसुद्धा घेतलं नव्हतं. लुगडं सावरत ती रस्त्यावर बसली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात टाकत ओरखड्याच्या टोकाला गेली. दहा हात. हाताच्या दोन विती. वीस.

तिनं मनगटं चोळली. एका पिशवीनं ती उपटल्यागत झाली होती, आणि ह्या वीस.

"अव्वा, मुहूर्त चाललाय," भरमा गाडीतून ओरडला. "बस आता गाडीत. पोरगं कुठं बसणार, ठरलं का?"

पारूबाई उठली. सुनेकडं न बघता म्हणाली, "खुर्चीत घाल त्याला. आणि पट्टा ओढून बघ, ढिला ठेवशील."

आज्जी जवळ आलेली बघून नातवानं नेहमीसारखी दोन्ही हातांनी तिच्याकडं झेप घेतली.

पारूबाईनं आपले हात पदराखाली घेतले.