चूक दाखवा

रोज सकाळी ग्रुपवर एक शब्द यायचा. त्याच्या अक्षरांतूनच अर्थ दिसेल असं चित्र काढायचं आणि दुसऱ्याच्या चित्रातली एक चूक दाखवायची, असा नियम होता. चुका काढण्यात धाकटीचा हात कुणी धरू शकत नसे. परवा शब्द होता ‘दार’. एका नवख्यानं काढलेलं दार अगदी तिच्या घराचंच वाटत होतं. तिला गंमत वाटली. काल त्यानं ‘किल्ली’ कुंडीत लपवलेली दाखवली. धाकटीनं लगेच लिहिलं, “कुंडीत कुणीही शोधेल. मी मीटरच्या पेटीमागे ठेवते.” आजचा शब्द ‘पाठमोरी’. त्याच्या ‘ठ’चा अंबाडा झाला होता, त्यात पेन्सिल खोचलेली, तिच्यासारखीच. ‘पा’चा काना म्हणजे पाठीमागचं उघडं दार. फोनवर ताईला ती हसत म्हणाली, “चुकलाच गं. माझं दार बंद असतं.” ताईनं विचारलं, “आत्ता आहे?” तिच्या मानेला गार वारा लागला.