आजींच्या खोलीतला टीव्ही

मुलांनो, कल्पना करा. साल १९९६, चामराजपेटेतलं एक घर. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आणि पायाला प्लास्टर घातलेल्या सुनंदाआजी आतल्या खोलीत खाटेवर. क्रिकेटची मॅच रंगात आलेली, पण आजींच्या वाट्याला नुसता आरडाओरडा!

टीव्ही आत हलवायला बोलावलेला केबलवाला गिरीधर म्हणाला, "वायर आत न्यायचे दीडशे. पाय बरा झाला की परत बाहेर आणायचे दीडशे."

"अरे, डॉक्टरने प्लास्टरचेसुद्धा एवढे घेतले नाहीत!" म्हणत आजोबांनी त्याला वाटेला लावलं.

मग त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने, शिल्पाश्रीने, आईचा मोठा आरसा ओढत आणला आणि आतल्या खोलीच्या दारात खुर्चीवर तिरका टेकवला. खाटेवरून टीव्ही अख्खाच्या अख्खा दिसू लागला.

"अगं, आज सगळेच डावखुरे कसे?" आजी टाळ्या पिटत ओरडल्या.

तो गलका ऐकून गल्लीतून चाललेल्या गिरीधरने आजींच्या उशाजवळच्या खिडकीतून आत डोकावलं. समोर दारात क्रिकेट चालू!

"काय अज्जी, आत दुसरा टीव्ही? आणि मला न विचारता कनेक्शन? आता दर महिन्याला डबल पैसे पडतील, सांगून ठेवतो!"

आजींनी घाबरून शिल्पाश्रीकडे पाहिलं.

 

शिल्पाश्रीने आरसा स्वल्प खिडकीकडे वळवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "अण्णा, आता तुम्हीच दिसताय बघा. या चॅनलचे किती?"