पहिली चढाई

"खेळ बाजूला ठेवा सर, ऑपरेशनला न्यायची वेळ झाली," डॉक्टर मंजिरी म्हणाली. शेळके सर पलंगावर पडल्या पडल्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या छोट्या पडद्यावर राक्षस पकडत होते. शाळेत ते तिचे कबड्डीचे सर होते. आज त्यांचं हृदय तिच्या हातांत येणार होतं.

"या वयात एवढं काय आहे यात?"

"संघ बांधायचा गं! रानात हिंडून एकेक राक्षस पकडायचा, वाढवायचा, लढवायचा." सरांनी यंत्र तिच्यापुढे धरलं. प्रत्येक राक्षसाला त्यांनी शाळेच्या संघातल्या जुन्या खेळाडूचं नाव दिलं होतं. आग ओकणारी नूरजहान, दगडी पाठीची लतिका.

मंजिरीला हसू आलं. आपलं नाव कुठे असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळेत तीन वर्षं सरांनी तिला राखीव म्हणून बाकावर बसवलं होतं, एकदाही मैदानात उतरवलं नव्हतं. तिने पडद्यावरची न खेळणाऱ्या राक्षसांची पेटी थेट उघडली. तिथे तिचं नाव नव्हतंच.

"तिकडे काय शोधतेस? संघातली पहिली बघ."

सगळ्यांत वर 'मंजिरी' होती, सगळ्यांत बलवान.

"पकडली तेव्हा अगदी मरतुकडी होती," सर म्हणाले. "पण या खेळात बाकावर बसवलेला वाढतच नाही. म्हणून रोज हिलाच आधी उतरवत गेलो. शाळेत कळायला हवं होतं, ते सत्तरीत कळलं बघ."

दारात स्ट्रेचर आलं. सरांनी चष्मा काढून उशाशी ठेवला.

"चल, आज पहिली चढाई तुझी."