दवंडी झालीच न्हाय

“दवंडी झालीच न्हाय. किती येळा सांगू?” बाळाबाई म्हणाल्या. “आणि खाली मान घालून पुटपुटू नगंस. वर बघून इचार, नायतर उठ आणि भाकरी थाप.”

बाळाबाईंचा आवाज वेशीपर्यंत जायचा. पण त्या गावात हळू बोलतो कोण?

स्नेहलनं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं. मुलाखत कशी घ्यावी यावर तिनं जाडजूड पुस्तकं वाचली होती. सासूची कशी घ्यावी, ते एकातही नव्हतं.

गाव शिरोळकडचं, नदीच्या काठाला. महापुराच्या त्या पहाटे गल्लीला इशारा मिळाला नाही. माणसं अंथरुणात राहिली आणि गल्लीतल्या केरबाची आई पाण्यात गेली. दवंडी द्यायचं काम पंचायतीचा शिपाई ज्ञानू याचं. त्यानं हलगी वाजवलीच नाही, असं साऱ्या गल्लीनं सांगितलं. ज्ञानूचं काम गेलं. तेव्हापासून त्याच्या दारात कुणी उभं राहत नव्हतं, आणि केरबा तर त्याला बघून थुंकायचा.

हे सगळं स्नेहल लग्न होऊन यायच्या आधीचं. आता ती कोल्हापुरात पीएच.डी. करत होती, पुराचा इशारा माणसांपर्यंत कसा पोचतो यावर. सोपं पडतं म्हणून सासरचंच गाव घेतलं होतं. तिचा अहवाल तालुक्याला जाणार होता, आणि ज्ञानूला परत कामावर घ्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

“गल्लीभर माणसं एकच सांगतात म्हणून तो गल्लीभर पुरावा होत नाही,” तिचे सर म्हणाले होते. “स्वतः ऐकलं कुणी आणि ऐकीव सांगतोय कोण, ते आधी वेगळं कर.”

ती पुन्हा दारोदार फिरली.

“वाजल्यागत वाटलं खरं,” केरबा म्हणाला. “पर पत्र्यावर पाऊस, काय कळंना. म्हणून तुमच्या गोठ्यात गेलो, तुमच्या सासूबाईंच्या, काकींच्या म्होरं बॅटरी धरली आणि इचारलं, हलगी वाजली काय? म्हणाल्या, कुठली हलगी? जा, झोप जा.”

“आणि तुम्ही झोपलात?”

“काकींचं दार कोपऱ्यावर. सगळ्यांच्या आधी उठून धारा काढायला बसत्यात. त्यांनी न्हाय म्हटल्यावर मी कोण व्हय म्हणणारा?”

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. काकी म्हणाल्या. स्नेहलची सगळी माहिती फिरून फिरून तिच्याच घरच्या गोठ्यात येऊन उभी राहिली.

शेवटी ती ज्ञानूकडं गेली. तो दारात कासरा वळत बसला होता.

“वैनीसाब, तुमच्याच दारात वाजवली की,” तो म्हणाला. “काकी म्हशीखाली बसलेल्या, माझ्याकडं पाठ. पाणी चढतंय म्हणून वरडलो बी. वळून बघितलं न्हाय त्यांनी.”

“मग परत का नाही सांगितलं?”

“काकींस्नी दोनदा सांगू? मोठं माणूस. म्हटलं, ऐकलं असंल, उठवतील गल्लीला. आणि पुढं पळालो.” त्यानं कासऱ्याची गाठ आवळली. “पंचायतीला मी तुमच्या सम्राटरावांच्या इरोधात मत दिलेलं. तो राग असंल. दुसरं काय असणार?”

सम्राट म्हणजे स्नेहलचा नवरा. निवडणुकीत पडला होता, हे खरं होतं.

आणि पाठ फिरवणं स्नेहललाही नवं नव्हतं. सासूच्या समोर छाती काढून उभं राहायचं नाही, हे माहेरहून शिकवून पाठवलेलं. म्हणून ती मागून, दाराआडून, हळू आवाजात हाक मारायची. बाळाबाई दगडासारख्या बसायच्या. पहिलं वर्ष तिनं रडून काढलं. “आई तशीच हाय,” सम्राट म्हणायचा. “मनात आलं तर बोलती.” मग स्नेहलनं हाक मारायचंच सोडलं.

तिनं अहवालात लिहिलं: मुख्य साक्षीदारानं दवंडी ऐकली होती. जुन्या रागापोटी खोटी साक्ष दिली.

लिहून झालं, पण तिला ते पाठवता येईना. ‘शिकू दे की तिला’ म्हणून सम्राटशी भांडल्या होत्या त्या ह्याच बाळाबाई. खोडावं, तर ज्ञानू आयुष्यभर तसाच बसणार. ठेवावं, तर ज्या घरचं खाल्लं त्याच घराला केरबाच्या आईचं मरण चिकटणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते लिहिताना तिला आत कुठंतरी गोड वाटलं होतं. त्याची लाज तिला कशातच लपवता येईना.

पाठवायच्या आधी तोंडावर सांगायचं, एवढं तिनं ठरवलं. सकाळी बादली घेऊन ती गोठ्यात गेली. बाळाबाई म्हशीखाली बसल्या होत्या, दाराकडं पाठ करून. समोर जायचा धीर तिला झाला नाही.

“आत्या,” ती म्हणाली. पाठ हलली नाही.

“ज्ञानूनं दवंडी दिली होती. तुम्ही ऐकलीत, आणि नाही म्हणालात. मी तसं लिहिलंय. आज पाठवणार आहे.” “तुम्ही माझ्याशी कधी नीट बोलला नाहीत, त्याचा राग त्यात उतरलाय. तेवढ्याची माफी मागते. बाकीचं खरं आहे.”

धार एका लयीत पडत राहिली.

स्नेहल जायला वळली. हातातली रिकामी बादली सुटली आणि फरशीवर दणकन आदळली. वळचणीची कबुतरं फडफडत उडाली, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, म्हशीनं दाव्याला हिसडा दिला.

बाळाबाईंनी तिच्या पायावरून सावकाश हात फिरवला.

“काय झालं गं बाय तुला?” त्या म्हशीला म्हणाल्या. “कशाला बिचकलीस? कोण बी न्हाय की हितं.”